पतंगावरची मावशी

"ह्यो गडी हाय," काका म्हणाले.

मी दाखवत होते त्या चित्रात एक बाई उभी होती. पायघोळ झगा, केसांत चार फण्या, इवलेसे लाल ओठ. पुस्तक जपानी लाकूडठशांच्या चित्रांचं होतं, मजकूर इंग्रजीत. पुण्यात चित्रकला शिक्षकाची पदविका करताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत ते मला मिळालं होतं, मागचा पुठ्ठा गायब झालेलं. चित्राखाली काय लिहिलंय ते वाचायला मी डिक्शनरी घेऊन तासभर बसले होते. जपानच्या जुन्या नाटकांत बायकांची कामं पुरुषच करत, असं तिथं लिहिलं होतं. ते काकांनी चष्मा न लावता एका नजरेत सांगून टाकलं.

"कशावरून म्हणता?"

"खांदं बघ की. मागं वढून धरल्यात, बारीक दिसावं म्हनून. बाईला कशाला वढावं लागत्यात? आन हात झग्यात घातल्यात. पुरुषाचा पंजा पावडरीनं झाकत न्हाई, पोरी."

त्यांना माहीत असणारच. पंचवीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं. तमाशात गणानंतर गौळण होते, तिच्यात मथुरेला निघालेल्या गवळणींच्या पुढे एक मावशी असते. ती बाप्या असते. लुगडं नेसून येते, कृष्णाशी हुज्जत घालते, आणि तिच्या जिभेला हाड नसतं. आमचे काका नारायणगावच्या एका फडात ही मावशी होते. फडातली माणसं त्यांना तंबूबाहेरसुद्धा मावशीच म्हणत, 'मावशी आली, मावशी जेवली' असं.

हे सगळं मी मोठी झाल्यावर, आईकडून, तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. आमच्या पिंपळवंडीच्या घरात हा विषय काढायचा नाही, असा वडिलांचा दंडक होता. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. आजोबांनी यात्रेत पालखीपुढे हलगी वाजवलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती, आणि त्या बदल्यात घरोघरी मागून आणलेली शिळी भाकरी खाल्ली होती. छप्पनच्या पुढे आम्ही बौद्ध झालो तेव्हा आजोबांनी ती हलगी आडात टाकली. वडील शिकले, मास्तर झाले, पांढरे कपडे घालू लागले. आणि धाकटा भाऊ अठराव्या वर्षी लुगडं नेसून लोकांपुढे उभा राहिला. "बापानं ज्यातून वर काढलं त्यातच हा परत उतरला," असं वडील म्हणायचे. मला वडिलांचा राग यायचा, पण त्यांचं खोटं होतं असं आजही म्हणवत नाही.

काका परत आले ते गुडघे गेल्यावर आणि छाती खोकल्यानं पोखरल्यावर. वडिलांनी भावाला दारातून घालवलं नाही. मागच्या पडवीत खाट दिली, औषधाला कमी केलं नाही. अट एकच घातली, की फडाचं नाव काढायचं नाही. काकांनी ती पाळली. दिवसा ते आमच्या दीड एकरात जमेल ते करत, आणि थंडी पडली की बांबूच्या कामट्या तासून पतंग बनवत. पतंगी कागद, पिठाची खळ, आणि प्रत्येक पतंगावर काजळानं दोन डोळे. आळीतली पोरं रांग लावायची. वडिलांना पतंग चालत होते.

त्या पुस्तकात अर्धी चित्रं नाटकाची होती आणि अर्धी पतंगांची. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं, पिंपरी पेंढारच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये. शनिवारी अर्धी शाळा असायची. दुपारी घरी आले की मी पडवीत बसून काकांना एकेक चित्र दाखवायची आणि खालचं इंग्रजी मोडकंतोडकं सांगायची. ते ऐकत, पण मजकुरापेक्षा त्यांचा विश्वास चित्रावर जास्त. एका चित्रात नट ओळीनं गुडघ्यांवर बसून प्रेक्षकांपुढे वाकले होते. म्हातारा नट आपलं नाव तरुणाला देतोय, असा तो प्रसंग होता. नाव म्हणजे गादीच, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी. काका बराच वेळ ते पान धरून बसले. "आन आमी नाव दडवत फिरतो," एवढंच म्हणाले.

दुसरं एक चित्र मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं. फिकट निळ्या कपड्यांतला एक नट, हातात जपमाळ, शेजारी उभी अक्षरं. खाली लिहिलं होतं की नामांकित नट मेला की त्याचं असं चित्र घाईघाईनं कोरून छापत, त्यावर मृत्यूची तारीख घालत, आणि लोक ते विकत घेऊन घरी ठेवत.

"मेल्याव?" काकांनी विचारलं. "लोक घरात ठिवत्यात?"

"हो."

मग त्यांनी मला एक हकीकत सांगितली. फडाचा ढोलकीवाला एकदा सकाळी ट्रकमध्येच गेला. पुढच्या गावाची सुपारी घेतलेली. दुपारी ओढ्याच्या काठाला त्याला अग्नी दिला आणि रात्री खेळ लावला, ढोलकीवर दुसऱ्याला बसवून. "तोंडाला रंग लावल्याव रडता येत न्हाई. वघळ पडतो. मग परत सगळं पुसून लावा. म्हनून रडलोच न्हाई." त्या ढोलकीवाल्याचा फोटो कुणाकडे नव्हता. काकांचाही लुगड्यातला एकही फोटो नव्हता. यात्रेतले फोटोवाले नाचणाऱ्या पोरींचे फोटो काढायचे, मावशीचा कोण काढतो?

"माझं काढ," काका म्हणाले. सहज म्हटल्यासारखं म्हणाले, पण कामटी तासणारा हात थांबला होता. "आसंच, ठशाचं."

मी म्हटलं, "आणि लावायचं कुठे? वडील भिंतीला लावू देतील?"

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि पतंगांची पानं उलटली. नव्या वर्षाच्या दिवशीचं एक चित्र होतं, कौलांवर चढलेली माणसं आणि वर आभाळात भलामोठा पतंग, त्यावर एका नटाचा तिरळे डोळे केलेला चेहरा. काकांनी त्यावर बोट ठेवलं.

"हितं लाव. सगळ्या गावानं बघितलं पायजे, आन कुनालाच कळलं न्हाई पायजे कोन हाय ते."

मी लगेच हो म्हटलं. काकांना आयुष्यात मागायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी काही मागितलं की माणूस विरघळायचा.

आई आमच्या कटात सामील झाली. तिनं ट्रंकेतलं जुनं हिरवं लुगडं काढून दिलं आणि शनिवारी वडील केंद्रावरच्या बैठकीला गेले की अंगणात तांदूळ निवडायला बसायची, पहाऱ्याला. काकांनी नऊवारी मी पाहता पाहता नेसलं. मला आजवर तसं नेसता आलेलं नाही. नथ आईची, कुंकू मोठं. मग त्यांनी एक पाय जरा पुढे टाकला, कमरेवर हात ठेवला, मान कलती केली, आणि पडवीत एक पन्नाशीची फटकळ बाई उभी राहिली. पाऊण तास ते तसे उभे होते. तेवढ्या वेळात एकदाही खोकले नाहीत.

लाकूड म्हणून आईनं बसायचा पाट दिला. घरात दोन होते. सागाचा, चांगला रुंद. त्याच्या उलट्या बाजूला मी शाळेतली कोरायची हत्यारं आणून महिनाभर कोरत होते. शाळेत मी पोरांना बटाट्याचे ठसे शिकवायची, आणि दर वेळी ओरडून सांगायची की आधी उलटं काढा, ठसा सुलटा उमटतो. आणि स्वतः मी सरळ चित्र काढून सरळ कोरून मोकळी झाले. शाई लावून, पतंगी कागद ठेवून, चमच्याच्या पाठीनं घासून पहिला छाप उचलला तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. पदर उजव्या खांद्यावर आला होता. नथ उजव्या नाकपुडीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, तसली गत.

मला रडू यायला लागलं. काकांनी छाप उजेडात धरला आणि हसू लागले, हसता हसता खोकू लागले.

"दुसरा पाट घेते. परत कोरते," मी म्हटलं.

"नगं. ही बराबर हाय." त्यांनी तोंड पुसलं. "तंबूत रंग लावताना मी हिला आरशातच बघितली. पंचवीस वर्सं. उजव्या खांद्याव पदर आन उजवीकडं नथ. लोकांनी सुलटी बघितली आसंल. माझ्या वळकीची हीच."

मग आम्ही तीच ठेवली. मी सहा छाप काढले. त्यांतला एक काकांनी पतंगाला लावला.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस, ज्वारीच्या रानाशेजारी मोकळं पडलेलं वावर होतं, तिथं आम्ही तो चढवला. काकांचे गुडघे दुखत होते म्हणून मी धावले आणि दोरा त्यांनी धरला. वारा बरा होता. मावशी वर गेली, गिरकी घेतली, परत सरळ झाली. पोरं ओरडत होती. रस्त्यावरून वडील सायकलवर येत होते. ते उतरले, कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"कुणाचं चित्र आहे ते?"

"आसंल कुनी नटी," काका म्हणाले.

वडील आणखी थोडा वेळ बघत राहिले. "रेखीव काढलंय," म्हणाले, आणि सायकल हातात धरून घराकडे गेले. सख्ख्या भावाला त्यांनी ओळखलं नाही. ओळखणार कसे? त्या रूपात त्यांनी भावाला कधी पाहिलंच नव्हतं, एकदाही जाऊन नाही. काका दोरा ढिला सोडत होते आणि त्यांचा चेहरा इतका खूश होता की मला आत कुठेतरी भीती वाटली.

महिन्याभरानं मला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा मंचरला सरकारी नोकरीत, घर सुशिक्षित, आपल्यातलंच. वडील चार दिवस घर आवरत होते. मी पडवीत गेले. पाच छाप खाटेखालच्या ट्रंकेत होते, उडवलेला पतंग खुंटीला. पाहुणे हात धुवायला मागे येतील, कुणी विचारेल, कोण ही बाई, आणि मग एकातून एक निघत जाईल, असा विचार माझ्या मनात आला. सकाळी काका रानात गेले होते. मी सहाही चित्रं काढली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली. पतंगी कागद, भुर्रकन जळाला. कामट्यांना जरा वेळ लागला.

वडिलांनी मला तसं सांगितलं नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे कित्येक वर्षं मी नवऱ्याला आणि मैत्रिणींना सांगत आले की चित्रं वडिलांनी जाळली. वडिलांना त्या चित्रांचा पत्ताही नव्हता. त्या पाण्यानं आधी त्यांनी आंघोळ केली, नंतर रानातून आल्यावर काकांनी. काका खुंटीकडे बघून पुन्हा माझ्याकडे बघतील म्हणून मी दिवसभर पुढच्या खोलीतून हलले नाही.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि तळेघरकडचे त्याचे मामा, काटक म्हातारे. आईनं मला बसायला पाट मांडला. दोनांतला एक मुलाच्या आईला दिला होता, म्हणून मला उरलेला. कोरलेली बाजू खाली. मी त्यावर बसले. पाट जरा डुगडुगला, कारण कोरल्यामुळे तळ सपाट राहिला नव्हता. मी दोन्ही पाय घट्ट रोवले आणि नाव, शिक्षण, नोकरी सांगितली.

काका पोह्यांच्या बशा घेऊन आले तेव्हा मामांनी हातातली बशी तशीच धरून ठेवली.

"पावणं, तुमाला कुटंतरी बघितलंय."

"बाजारात बघितलं आसंल," काका म्हणाले.

आवाज ऐकल्यावर मामांचा चेहरा उजळला. "तुमी फडात व्हता ना? गौळणीतली मावशी?"

वडील म्हणाले, "नाही हो. माणूस चुकला तुमचा. आमच्याकडे तसलं कुणी नाही." मामांना ते पटलं नाही. मुलीकडून खरं कळेल असं त्यांना वाटलं असावं. ते माझ्याकडे वळले. "काय ताई? आवाज तर त्योच हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते, काकाही. मला वाटतं त्यांना माझ्याकडून हो नको होतं. नुसती मी गप्प राहिले असते तरी त्यांना चाललं असतं.

"नाही," मी म्हटलं. "काका पहिल्यापासून शेतीच बघतात."

स्पष्ट म्हटलं. वर्गात बोलते तसं.

काकांनी बशांचा ट्रे खाली ठेवला. "तंबूत कंदी पायबी न्हाई ठिवला, पावणं. आमच्यात चालत न्हाई त्ये." खांदे पडलेले, हात लोंबकळलेले, आवाज जाडाभरडा. कुणाचाही विश्वास बसला असता. मामाही पोहे खाऊ लागले. काकांचं ते शेवटचं काम होतं आणि ते त्यांनी माझ्यासाठी केलं.

स्थळ जमलं. दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेले तर काका उन्हात बसून पाट मांडीवर घेऊन काचेच्या तुकड्यानं घासत होते. डोळे गेले होते, नथ गेली होती, पदराच्या दोनचार रेघा राहिल्या होत्या.

"काका, राहू द्या ना."

"डुगडुगतोय. लग्नात लागंल, सपाट पायजे." त्यांनी भुसा फुंकला. खुंटीवरच्या पतंगाबद्दल त्यांनी मला विचारलं नाही. तेव्हाही नाही, पुढेही नाही. विचारलं असतं तर मी पाया पडून माफी मागितली असती, असं मी स्वतःला सांगते. पण माफी मागायला समोरच्यानं विचारावं कशाला लागतं?

लग्नानंतर पावसाळ्यात आम्ही मामांकडे जेवायला गेलो. भातलावणी उरकली होती, एसटी अर्ध्या वाटेवर सोडून गेली होती, पुढे चालत. जेवताना मामांनी पुन्हा विषय काढला. तरुणपणी ते आणि त्यांचे मित्र डोंगर उतरून रातोरात घोडेगावच्या बाजूला यात्रेला जात, त्या एका मावशीसाठी. "आमाला हासवनारं दुसरं कोन व्हतं?" ते म्हणाले. "तुमचं काकाच त्ये, आसं वाटलं. पाया पडावं म्हनून इचारलं व्हतं. चुकलं आसंल माझं."

मी ताटातला भात संपवला. दिवाळीला माहेरी गेले की काकांना हे सांगायचं, असं मी तिथंच ठरवलं. पत्रात लिहिण्यासारखं ते नव्हतं. दिवाळीआधी पंधरा दिवस काका गेले, सरकारी दवाखान्यात, वडिलांचा हात धरून.

जलदान विधीच्या दिवशी दारात मांडव घातला होता. फोटोची पंचाईत झाली. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओवाल्याकडून मोठा करून आणला. उजेडात डोळे बारीक झालेला, कॉलर उचकटलेला कुणीतरी माणूस. वंदना झाली, वडील बोलले. भाऊ कष्टाळू होता, जमिनीवर जीव होता, असं म्हणाले आणि खाली बसले. मग मला उभं केलं, शिकलेली म्हणून. मी पतंगांबद्दल बोलले. काका पोरांना पतंग करून देत, डोळे काढून देत. लोकांनी माना डोलावल्या.

मांडवाच्या कडेला तीन बायका आणि एक म्हातारा माणूस उभा होता. ते बसले नव्हते, त्यांना कुणी बसा म्हटलंही नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर त्यांतली वयस्कर बाई पाण्याच्या पिंपापाशी मला गाठून म्हणाली, "तुमीच का त्या, चित्र काढनाऱ्या?"

मी हो म्हटलं.

"आमी नारायनगावास्नं आलोय. मावशी गुढीपाडव्याला, सुपाऱ्या घ्यायला फडांच्या राहुट्या पडल्या की यायची गपचूप, आमाला भेटायला. औंदाबी आली व्हती. सांगत व्हती, माझ्या पुतणीनं माझं चित्र केलंय, जपानात नटांचं करत्यात तसं." तिनं पदरानं डोळे टिपले. "त्येवढं बघू द्या, बाई. आमी हात लावनार न्हाई."

पाडव्याला. म्हणजे पाहुणे येऊन गेल्यानंतर, पाट घासून झाल्यानंतर. ते तिथं जाऊन हे सांगून आले होते.

"पतंगावर होतं," मी म्हटलं. "दोरा तुटला. उडून गेलं."

त्या बाईनं मान वर करून आभाळाकडे पाहिलं. मग तिचा चेहरा सैलावला आणि ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "ऐकलं का, मावशीला वर धाडली हिनं." म्हातारा हसला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईनं दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले, आपल्या कानशिलांवर नेले आणि माझ्यावरून बोटं मोडली, कडाकड, दहाच्या दहा. मी उभी राहून ती मोडून घेतली. मग त्यांची एसटी होती म्हणून ते निघाले.